दुरुस्तीच्या टेबलावरील वीज

गुढीपाडव्याच्या सुमारास नागपूर शहरात माळ्यावर आणि गच्चीवर झाकून ठेवलेले कूलर खाली उतरू लागतात. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडी छिलक्यांच्या ताट्या, तळाशी पाण्याचे टाके, त्यात बुडालेला लहानसा पंप आणि आत एक पंखा एवढीच त्याची रचना असते. परंतु तिच्यावाचून विदर्भातील उन्हाळा निभावत नाही. २३ मे २०१३ रोजी नागपूरचे तापमान ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत चढले होते, हे लक्षात घेतले म्हणजे कूलर ही चैनीची वस्तू का नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. याच कूलरच्या धक्क्याने माणसे दगावल्याच्या बातम्याही उन्हाळ्यात वाचाव्या लागतात. वीजप्रवाह बंद केल्याखेरीज टाक्यात पाणी भरू नका, तीन पिनांचाच प्लग वापरा, अर्थिंग तपासून घ्या, असे आवाहन महावितरण उन्हाळ्याच्या तोंडाशी करीत असते.

कूलरचा धोका त्यामुळे निदान कानावरून तरी गेलेला असतो. त्याच कूलरच्या ओलसर वाऱ्यात टेबलाशी बसून मोबाइल, दूरचित्रवाणी संच, इन्व्हर्टर किंवा एलईडी दिवे दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या हातातील साधनांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. सीताबर्डीच्या गल्ल्यांतील लहान दुकाने असोत, वस्तीतील एखादी टपरी असो की अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची भाड्याची खोली असो, तेथील साधने ठरलेली असतात. दोन-तीनशे रुपयांचे सोल्डरिंग आयर्न, त्याहून थोडे वरच्या दर्जाचे तापमान-नियंत्रित स्टेशन, गरम हवेची गन, बाकावरचा वीजपुरवठा संच आणि लाकडी फळीवर बसविलेला सिरीजचा दिवा. यांतील बरीच साधने अत्यंत स्वस्त असतात, आणि ज्या ठिकाणी पैसा वाचविला की गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नाही, नेमक्या त्याच ठिकाणी तो वाचविलेला असतो.

अशी साधने वापरूच नका, असे सांगणे सोपे आहे. परंतु नामांकित कंपनीचे स्टेशन ज्या किमतीला मिळते, तेवढ्यात नवशिक्या कारागिराचे सगळे दुकान उभे राहते. तेव्हा स्वस्त साधन घ्यावे, ते उघडून पाहावे, त्यातील उणिवा ओळखाव्यात आणि थोड्या खर्चात त्या दूर कराव्यात, हाच व्यवहार्य मार्ग होय. मात्र या सुधारणांनाही क्रम आहे. तो क्रम चुकला तर केलेली सुधारणाच अंगावर येऊ शकते, आणि नागपुरात तशी शक्यता अधिक का आहे, तेही या लेखात पुढे येईल.

प्रथम विजेच्या मात्रेविषयी. माणसाला धक्का दाबामुळे बसतो असे आपण म्हणतो, परंतु अपाय करतो तो शरीरातून वाहणारा प्रवाह. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास स्वेच्छेने पुढे आलेल्या स्त्री-पुरुषांवर प्रयोग करून, हातात धरलेली तार माणूस किती प्रवाहापर्यंत स्वतःहून सोडू शकतो, हे मोजले होते. पुरुषांच्या बाबतीत ही सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर निघाली. अर्ध्या ते एक मिलिअँपिअरला मुंग्या जाणवतात, दहाच्या आसपास स्नायू आखडू लागतात, आणि तीसच्या पुढे प्रवाह काही काळ चालू राहिला तर श्वास व हृदय दोन्ही धोक्यात येतात. घामाने भिजलेल्या हाताचा व शरीराचा एकूण रोध १,००० ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टच्या दाबाने २३० मिलिअँपिअर वाहतात. थंडीत कोरड्या हाताने आणि पायांत चपला घालून जो कारागीर केवळ झटक्यावर सुटला, तोच मे महिन्यात अनवाणी, घामेजल्या अंगाने आणि कूलरखालच्या ओल्या फरशीवर पाय टेकून सुटेलच, असे नाही.

आता अगदी साध्या आयर्नकडे वळू. २५ वॅटचे आयर्न २३० व्होल्टवर जेमतेम ०.११ अँपिअर प्रवाह घेते. त्याच्या नळीत अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर नायक्रोमची तार गुंडाळलेली असते. ती तार आणि हातातील साधनाचा धातूचा भाग यांच्यामध्ये असतो तो केवळ अभ्रकाचा एक थर. आयर्न पडते, आपटते, टोक घट्ट बसले म्हणून पकडीने पिळले जाते, आणि कधीतरी अभ्रक तडकते. त्या क्षणी टोकावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. आयर्न मात्र पूर्वीप्रमाणेच तापत राहते, डाखही वितळत राहतो. म्हणजे बिघाड झाला आहे हे कळण्याचे एकमेव साधन उरते ते कारागिराचे शरीर किंवा गिऱ्हाइकाचा मोबाइल.

अशा आयर्नला अनेकदा दोन पिनांचाच प्लग असतो. काही आयर्नवर चौकोनात चौकोन अशी, दुहेरी वीजरोधनाची खूण छापलेली असते. ती खूण छापण्यास शाईखेरीज काही लागत नाही, हे ध्यानात ठेवून तिच्यावर विसंबू नये. मुठीचे स्क्रू काढून दोन तारांची दोरी बदलावी आणि तिच्या जागी तीन तारांची, तांब्याचे पीळदार धागे असलेली, ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीची लवचीक दोरी घालावी. दोरीचे आवरण रबराचे किंवा सिलिकोनचे असावे. प्लॅस्टिकचे आवरण तापलेल्या नळीला नुसते टेकले तरी वितळते, आणि आतली तार उघडी पडल्याचे पुष्कळदा दुसऱ्या दिवशी लक्षात येते. हिरवी-पिवळी तार धातूच्या नळीला जोडावयाची. तीही नुसती पिळून किंवा डाख लावून नव्हे, कारण नळीच्या उष्णतेने तोच डाख वितळेल. तारेच्या टोकाला दाबून बसविलेला कडीचा लग, त्याखाली दातेरी वॉशर आणि वर नट, अशी ही जोडणी असावी. मुठीच्या आत ही तार इतर दोन तारांपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लांब ठेवावी. दोरीला हिसका बसून तारा तुटल्याच, तर अर्थिंगची तार सर्वांत शेवटी तुटावी, हा त्यामागील हेतू. तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन लांब ठेवण्यामागेही हाच विचार आहे : आत जाताना ती प्रथम जोडली जावी आणि बाहेर येताना शेवटी सुटावी. कारखान्यातून येणाऱ्या काही आयर्नमध्ये दोरी ओढली जाऊ नये म्हणून मुठीत नुसती गाठ मारलेली असते. तिच्याऐवजी दोरी आवळून धरणारी पकड बसवावी.

आणखी एक सुधारणा जुने कारागीर आपसूकच करीत असत. आयर्नच्या स्टँडला एक लहान बटण लावून, फेजच्या तारेत १एन४००७ हा रुपया-दोन रुपयांचा डायोड घालावयाचा. आयर्न ठेवले की प्रवाह डायोडमधून जातो, लहरीचा अर्धाच भाग मिळतो आणि २५ वॅटचे आयर्न सुमारे साडेबारा वॅटवर उबदार राहते. उचलले की पुन्हा पूर्ण शक्ती मिळते. टोके कमी जळतात, आणि दुकान बंद करताना आयर्न चुकून चालू राहिले तरी ते लालबुंद होत नाही. ही युक्ती केवळ तार तापविणाऱ्या आयर्नसाठीच आहे. ज्या स्टेशनमध्ये ट्रान्सफॉर्मर आहे त्याला डायोड लावल्यास ट्रान्सफॉर्मरच जळेल.

तापमान-नियंत्रित स्टेशन अधिक सुरक्षित, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी म्हणावी लागेल. त्यात टोकाला २४ व्होल्टच मिळतात, ही गोष्ट खरी. परंतु २३० चे २४ व्होल्ट करणारा स्विचिंग वीजपुरवठा त्याच ॲल्युमिनियमच्या छोट्या पेटीत बसविलेला असतो. अशी एक पेटी प्रस्तुत लेखकाने उघडून पाहिली. मागे तीन पिनांचे सॉकेट होते, आणि अर्थिंगच्या पिनेला आतून काहीही जोडलेले नव्हते. दुसऱ्या एका पेटीत तार होती, पण ती ज्या पत्र्याला स्क्रूने आवळली होती, त्या पत्र्यावर रंगीत ॲनोडायझिंगचा थर होता. हा थर म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. दिसावयास धातू, पण गुणाने वीजरोधक. मीटर लावला असता पिन आणि पेटी यांचा परस्परांशी काहीही संबंध नसल्याचे आढळले. तेथे थर कानशीने घासून चकचकीत धातू उघडा करणे, लग व दातेरी वॉशर घालणे, आणि पेटीचा पुढचा, मागचा व वरचा पत्रा एकमेकांना तारेने जोडणे, एवढे काम अर्ध्या तासाचे आहे.

टोकाचा भूसंपर्क केवळ माणसासाठीच हवा असे नाही. स्विचिंग वीजपुरवठ्यात प्राथमिक आणि दुय्यम बाजूंना सांधणारे, २.२ नॅनोफॅरडसारखे लहान कपॅसिटर असतात. भूसंपर्क नसेल तर त्यांच्यामुळे २४ व्होल्टची सगळी बाजू जमिनीच्या तुलनेत शंभरेक व्होल्टवर तरंगत राहते. त्यातून वाहू शकणारा प्रवाह मिलिअँपिअरच्या सहाव्या हिश्शाएवढाच असतो. माणसाला तो जाणवतही नाही, फार तर पेटीवरून हात फिरविताना खरखरीत भास होतो. परंतु मॉसफेटचे गेट वीस व्होल्टच्या आसपासच फुटू शकते. दुरुस्तीला आलेला मोबाइल दुरुस्तीतच गेला, अशी तक्रार ज्यांना वारंवार ऐकावी लागते, त्यांनी आधी आपल्या आयर्नचे टोक तपासावे. या कपॅसिटरच्या जागी कधी कधी साधा चकतीचा सिरॅमिक कपॅसिटर बसविलेला आढळतो. तो फुटून आतून जोडला गेला तर २३० व्होल्ट थेट मुठीत येतात. अशा जागी वाय-१ असे स्पष्ट लिहिलेला कपॅसिटरच बसवावा.

पेटी उघडलीच आहे तर आणखी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. फ्यूज आहे काय, आणि असल्यास फेजच्या तारेत आहे काय? गरम हवेच्या काही स्वस्त गनमध्ये बटण आणि फ्यूज न्यूट्रलमध्ये असतात. बटण बंद केले तरी आतील तापणारी तार फेजला जोडलेलीच राहते. आपल्याकडील सॉकेटमध्ये समोरून पाहता फेज उजवीकडे असावा असा नियम आहे, परंतु जुन्या इमारतींतील प्रत्येक सॉकेट नियमाप्रमाणे असेल याची खात्री कोणी द्यावी? म्हणून दोन्ही तारा एकाच वेळी तोडणारे, दोन ध्रुवांचे बटण बसविणे उत्तम. तिसरी गोष्ट अंतराची. २३० व्होल्टची बाजू आणि धातूची पेटी यांच्यात किमान ६ मिलिमीटर अंतर हवे. ते नसेल तर मध्ये लेदरॉइड किंवा मिलिनेक्सचा कागद घालावा. तो शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. कूलरच्या मोटारी गुंडाळणाऱ्या कोणत्याही दुकानात हा कागद आणि तारांवर चढविण्याच्या स्लीव्ह मिळतात.

ही पेटी उघडण्यापूर्वी मात्र एक पथ्य पाळावे. प्लग काढल्यानंतरही आतील मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश दाब राहू शकतो. पेचकसाने तो आडवा जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत सर्वत्र दिसते. तीत पेचकस जळतो, पट्टी उडते आणि डोळा वाचला तर नशीब. दोन वीजरोधित तारा लावलेला होल्डरमधला साधा तारेचा दिवा क्षणभर टेकवावा. भार शांतपणे उतरतो. उतरला की नाही, हे त्यानंतर मीटरने पाहावे.

सिरीजचा दिवा हा आपल्याकडील दुरुस्ती-विद्येतील एक सुंदर शोध म्हणावा लागेल. संचाच्या फेजमध्ये १०० वॅटचा दिवा घालावयाचा. संचात शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटतो आणि संच वाचतो. नसेल तर क्षणभर लकाकून मंद होतो. दिवा स्वतःच निदान सांगतो. परंतु याच दिव्याने एक घातक गैरसमज रुजविला आहे. सिरीज आहे म्हणजे धक्का बसला तरी फार काही होणार नाही, असे अनेक कारागीर मानतात, नव्या मुलांनाही तसेच शिकविले जाते. हिशेब करून पाहू. १०० वॅटच्या दिव्याचा तापलेल्या स्थितीतील रोध ५२९ ओहम. थंड असताना तो याच्या दशांशापेक्षाही कमी भरतो. एक हजार ओहमच्या माणसाबरोबर हा दिवा मालिकेत जोडला, तर दिवा पेटणारही नाही आणि माणसातून दोनशेहून अधिक मिलिअँपिअर वाहतील. दिवा संचाचे रक्षण करतो, माणसाचे नाही. एवढे वाक्य जाड अक्षरांत लिहून फळीवर चिकटवावे, असे वाटते.

मग माणसाचे रक्षण कोण करते? अर्थिंग करते, असे उत्तर येईल. येथेच नागपूरच्या जमिनीकडे पाहणे भाग आहे. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची आहे. शहराच्या पश्चिम भागात बऱ्याच ठिकाणी थोड्याशा काळ्या मातीखाली हाच काळा पाषाण लागतो. ही काळी माती पावसाळ्यात फुगते आणि चैत्र-वैशाखात भेगाळते. ओल गेली की तिचा विद्युत्‌रोध वाढतो आणि आक्रसलेली माती अर्थिंगच्या नळीपासून सुटते. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर चालतात, हात घामेजलेले असतात, त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत दुबळे असते.

समजा एखाद्या दुकानाचे अर्थिंग केवळ स्वतःच्या खड्ड्यावर अवलंबून आहे आणि त्याचा रोध उन्हाळ्यात २० ओहम झाला आहे. रोहित्राच्या भूसंपर्काचे २ ओहम धरू. कूलरच्या मोटारीत बिघाड होऊन फेज पत्र्याला लागला, तर २३० भागिले २२, म्हणजे साडेदहा अँपिअरच्या आसपास प्रवाह जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडत नाही. तो चालूच राहील, आणि कूलरचा पत्रा जमिनीच्या तुलनेत सुमारे २०९ व्होल्टवर जाईल. आता दुरुस्तीच्या टेबलाकडे पाहा. आपण मोठ्या कष्टाने सोल्डरिंगच्या टोकाला आणि पेटीला जी हिरवी-पिवळी तार जोडली, ती त्याच अर्थिंगला गेलेली आहे. त्यामुळे तेच २०९ व्होल्ट आता आपल्या हातातील टोकावरही आले. आयर्न निर्दोष असून कूलरच्या बिघाडाने कारागिराला धक्का बसतो! पहिल्या परिच्छेदातील कूलर आणि हे टेबल यांचे नाते ते हेच.

यावर उपाय म्हणून अर्थिंगची तार तोडणे हा नव्हे. तसे करणारेही आहेत. उपाय म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो की नाही, याची तुलना हे उपकरण एका कड्याच्या साहाय्याने सतत करीत असते. फरक ३० मिलिअँपिअरला पोहोचला की ते ०.३ सेकंदाच्या आत, आणि फरक मोठा असल्यास सेकंदाच्या पंचविसाव्या भागात, दोन्ही तारा तोडते. त्याला २० ओहमचा भूसंपर्कही चालतो, कारण त्याला साडेदहा अँपिअरची वाट पाहावी लागत नाही. किंमत दीड-दोन हजार रुपयांच्या घरात. आयर्नच्या कितीतरी पट ही रक्कम आहे, म्हणूनच ती टाळली जाते. तरीही सगळ्या सुधारणांत पहिला क्रम याचाच लागतो. आयर्नची दोरी नंतर बदलली तरी चालेल. दुकानात डायोडवर चालणारी आणि स्विचिंग वीजपुरवठ्याची साधने असल्याने ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी मागून घ्यावा. ‘एसी’ प्रकारचा आरसीसीबी लहरीच्या एकाच बाजूने होणारी गळती ओळखेलच असे नाही.

आरसीसीबीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर त्याच्या दृष्टीने माणूस म्हणजे आणखी एक दिवा. तो पडणार नाही. म्हणून चालू संचात हात घालताना दुसरा हात खिशात, ही जुनी शिकवण कायम आहे. दुसरी मर्यादा अधिक अडचणीची आहे. तो अर्थिंगची तार तोडत नाही. एकाच इमारतीतील चार-पाच दुकानांचा अर्थिंगचा खड्डा एकच असेल आणि शेजाऱ्याकडे आरसीसीबी नसेल, तर शेजारच्या कूलरचा बिघाड अर्थिंगच्या तारेने आपल्या टेबलावर येऊ शकतो. अशा इमारतीत सर्वांनी मिळून आरसीसीबी बसविणे हाच उपाय होय. तोवर पायाखाली रबरी चटई किंवा लाकडी पाट असावा. खड्ड्यात कोळसा व मीठ भरलेले असेल तर उन्हाळ्यात त्याच्या नरसाळ्यातून नियमाने पाणी घालावे. कूलरसाठी बादल्या भरताना एक बादली तिकडेही ओतता येईल. या फेरजोडण्या मात्र परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्याव्यात आणि खड्ड्याचा रोध त्याच्याकडून मे महिन्यात मोजून घ्यावा. श्रावणात मोजलेला आकडा दिलासा देतो, पण कामाचा नसतो.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर ज्यांच्याकडे आहे त्यांनी त्यावर केवळ दुरुस्तीचा संच जोडावा. आयर्न व मापनयंत्रे नेहमीच्या सॉकेटवरच ठेवावीत. या ट्रान्सफॉर्मरपुढे आरसीसीबीला काही दिसत नाही, आणि एकाच वेळी दोन-तीन वस्तू त्यावर जोडल्या तर त्याचा उद्देशच फसतो. ऑसिलोस्कोपची अर्थिंगची पिन कापून टाकण्याची प्रथा तर तत्काळ थांबावयास हवी. तसे केल्यावर त्याची सगळी धातूची चौकट संचाच्या फेजवर चढू शकते.

स्थिर विजेपासून चिप वाचावी म्हणून मनगटाला बांधावयाच्या पट्ट्याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. या पट्ट्यात १० लाख ओहमचा रोध असलाच पाहिजे. तो असला तर २३० व्होल्टला हात लागूनही पट्ट्यातून पाव मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाह जातो. स्वस्त पट्ट्यांत तो रोध कधी कधी नसतोच, आणि घरी नुसत्या तारेने केलेला पट्टा म्हणजे स्वतःला जमिनीशी बांधून घेऊन विजेसमोर बसणे होय. विकत घेतलेला पट्टा प्रथम मीटरने मोजावा. मीटरवर १ मेगाओहम दिसला नाही तर तो कचऱ्यात टाकावा.

मोजणीच्या बाबतीत आणखी एक सूचना. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने तापमान ५६ अंश दाखविले आणि देशभर खळबळ उडाली. तो आकडा संवेदकाच्या दोषाचा होता, असे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले. दुकानातील मीटरही चुकतो, त्याच्या तारा आतून तुटतात. म्हणून वीज नाही अशी खात्री करण्यापूर्वी मीटर चालू सॉकेटवर लावून पाहावा, मग तपासणी करावी, आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर पाहावा. आयर्नची तपासणी करताना प्लगची अर्थिंगची पिन व टोक यांच्यातील रोध २ ओहमपेक्षा कमी भरला पाहिजे. तो थंड असताना आणि तापलेला असताना असा दोनदा पाहावा, कारण टोक व नळी यांच्यामध्ये जमणारा काळा ऑक्साइड तापल्यावर आडवा येतो. तो आला असेल तर टोक काढून सांधा घासावा. फेजची पिन व टोक यांच्यातील रोध साध्या मीटरने कळत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर लागतो आणि किमान २ मेगाओहम दिसावे लागतात. पावसाळाभर पडून राहिलेले आयर्न दमट होऊन येथे नापास होते. तासभर उन्हात किंवा दिव्याखाली ठेवून ते पुन्हा तपासावे. मेगर प्रत्येक दुकानात असणे शक्य नाही. पण मोटारी गुंडाळणाऱ्यांकडे तो असतो, आणि पाच मिनिटांच्या कामाला कोणी नाही म्हणत नाही.

डाखाचा धूर हा विजेचा विषय नव्हे, तथापि तोही याच टेबलावर असतो. राळेच्या धुराने पुढे दमा जडू शकतो. जुन्या संगणकातील १२ व्होल्टचा पंखा टेबलाच्या कडेला, धूर आपल्यापासून दूर ओढील असा बसवावा. डाखात शिसे असते, त्यामुळे डबा उघडण्यापूर्वी हात धुवावेत.

आरसीसीबी बसविल्यावर त्याच्यावरील ‘टी’ अक्षराचे लहान बटण महिन्यातून एकदा दाबावयाचे असते. बटण दाबताच तो पडला पाहिजे. न पडल्यास त्याच दिवशी बदलावा. दुकानदारांना याची तारीख लक्षात राहत नाही, ही अडचण खरी आहे. लेखकाच्या ओळखीतील एका वृद्ध कारागिराने त्यावर स्वतःपुरता तोडगा काढला आहे. दर महिन्याला दुकानाचे भाडे देऊन आला की तो प्रथम ते बटण दाबतो, दुकान अंधारते, आणि मग पुन्हा खटका वर करून कामाला बसतो.